रानकारल्याचा काढा

रविवारच्या जेवणाला टेबलावर भांडायचं नाही, असा पापा डेकर्सांचा दंडक होता. म्हातारा जाऊन नऊ वर्षं झाली तरी दंडक पाळला जायचा. म्हणजे असं, की ताटं रिकामी होईपर्यंत सगळे दम धरायचे आणि ताटं उचलली की एकमेकांचा गळा धरायचे.

त्या रविवारी मात्र चर्चमधून परतून टोपी काढता काढताच नोव्हलेटला कळलं, की आज दम धरायची कुणाचीच तयारी नाही. तिचा नवरा लेनवर्थ कोटसुद्धा न काढता टेबलाच्या टोकाला जाऊन बसला होता. तो चर्चचा डीकन आणि प्राथमिक शाळेतला मास्तर, त्यामुळे लोकांना समोर उभं करून जाब विचारायची त्याला दोन्हीकडची सवय. कनेटिकटहून आलेली नणंद, मर्लीन, निळी फाइल मांडीवर घेऊन बसली होती. भावाच्या कुटुंबाला अमेरिकेला नेण्यासाठी तिने अर्ज टाकला तेव्हा नोव्हलेटचा मुलगा रोमेन तीन वर्षांचा होता. आता तो सतरा वर्षांचा झाला, त्याला मिसरूड फुटलं, आणि आत्ता कुठे नंबर लागला होता. बुधवारी राजधानीत, किंग्स्टनला, तिघांची वैद्यकीय तपासणी होती.

आणि नोव्हलेटच्या पर्समध्ये, भजनाच्या पुस्तकात घडी करून ठेवलेला, मँडव्हिलच्या खासगी प्रयोगशाळेचा एक कागद होता. तो शुक्रवारी आला होता. रोमेनच्या लघवीत गांजा सापडला होता.

नऊ आठवड्यांपूर्वी, ईस्टरच्या आधी, शाळेच्या मागच्या उसात पोराला गांजाची विडी ओढताना पकडलं, तेव्हा त्याने आईच्या हातात हात देऊन शपथ घेतली होती की आता पुन्हा नाही. नोव्हलेटने ती शपथ मानली होती. मानली होती, म्हणून तर बुधवारच्या आधी खात्री करून घ्यावी असं तिला वाटलं. विश्वास ठेवायचा आणि वर खात्रीही करून घ्यायची, हे दोन्ही एकदम होत नाही, हे तिला अजून कळायचं होतं.

तिची भीती मात्र खोटी नव्हती. बावीस वर्षं ती इस्पितळात नर्स होती. कॉलेजात जाणारी, कालपरवापर्यंत फुटबॉल खेळणारी पोरं चार माणसांनी धरून वॉर्डात आणलेली तिने पाहिली होती. भिंतीतून कुणीतरी नाव घेऊन हाक मारतंय म्हणणारी, आईने आणलेल्या डब्यात विष आहे म्हणणारी. सगळीच पोरं तशी होत नाहीत, हे तिला माहीत होतं. पण कुठलं होणार हे आधी कळत नाही, तिथेच तर आईचा जीव अडकतो. वर्गात पहिला येणारा रोमेन जानेवारीपासून अठराव्या नंबरावर घसरला होता, ईस्टरपर्यंत शर्टाला वास येत होता, विचारलं की खांदे उडवत होता. तिच्या झोपेचं खोबरं झालं होतं.

सासूबाई, मिस आयोनी, तुरीच्या दाण्यांचा भात घेऊन आल्या. नारळाच्या दुधाचा वास खोलीभर झाला. मागोमाग थोरला दीर बर्चेल बकऱ्याच्या कालवणाचं पातेलं घेऊन आला. तो टॅक्सी चालवायचा, लग्न केलं नव्हतं, आणि याच घरात, आईपाशी राहायचा.

"वाढून घ्या," म्हातारी म्हणाली. "गार बकरं खाल्लं की पोटात मेण होतं."

"ममा, आज आधी बोलायचंय," लेनवर्थ म्हणाला.

"तुझे पापा असते तर…"

"पापा असते तर या पोराला पट्ट्याने सोलून काढला असता."

"पापा असते तर आधी जेवले असते," बर्चेल म्हणाला आणि आपल्या ताटात भात ओढला. "मग झोपले असते. सोलायचं काम चार वाजता."

रोमेन आजीच्या शेजारी बसला होता, चर्चच्या पांढऱ्या शर्टात. मान खाली. लेनवर्थने बायकोपुढे हात केला. नोव्हलेटने कागद काढून दिला. द्यायला नको होता असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं, पण त्या घडीला हात आपोआप पर्सकडे गेला.

लेनवर्थने चष्मा लावून, बायबलमधला उतारा वाचावा तसा तो कागद वाचून दाखवला. मग घडी घातली.

"शेवटचं विचारतो. कधी ओढलास?"

"ईस्टरच्या आधी. शाळेत पकडलं तेव्हा."

"त्यानंतर?"

"नाही ओढला, डॅडी."

"मग हे काय आहे? प्रयोगशाळेतल्या बाईने स्वतः ओढला आणि तुझ्या बाटलीत टाकला?"

"मी नाही ओढला."

रोमेनची नजर एकदा आजीकडे गेली आणि परत ताटावर आली. मिस आयोनी चमच्याने भात मोकळा करत होत्या.

"मम्मी," तो म्हणाला, "तू तरी सांग ना. तू रोज माझे कपडे हुंगतेस. आला का वास?"

वास आला नव्हता. नऊ आठवड्यांत एकदाही नाही. हे तिने मोठ्याने म्हणायला हवं होतं. पण कागदावरची अक्षरं काळी ठळक होती, आणि नोव्हलेटने आयुष्यभर अशाच कागदांवरून माणसांना औषधं दिली होती.

"मशीनला तुझ्याशी काय वैर आहे, बाळा?" ती म्हणाली.

ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. रोमेनने तिच्याकडे नीट पाहिलं, मान हलवली, आणि त्यानंतर तो तिच्याकडे वळला नाही.

मर्लीनने घसा साफ केला. "झालं ते झालं. आता बुधवारचं बघा. ते डॉक्टर विचारतात, शंका आली तर तपासतात. त्यात हे निघालं की त्याच्यावर शिक्का. शिवाय तुम्हा दोघांनाही शंभर प्रश्न. मी काय म्हणते, त्याने बुधवारी जायचंच नाही. तुम्ही दोघं पुढे या. हा मागे राहील, परीक्षेसाठी म्हणून. मी पत्र लिहून आणलंय, त्याने फक्त सही करायची. वर्षभराने साफ झाला की येईल."

"पत्र कधी लिहिलंस?" नोव्हलेटने विचारलं.

"काल."

"काल! म्हणजे पोराला विचारायच्या आधीच?"

"काल लिहिलं कारण शुक्रवारी तू फोनवर रडलीस, नोव्हलेट. मला वाटलं, तुला उपाय हवाय. रडायला तर इथे बायका पुष्कळ आहेत."

खरंच होतं ते. शुक्रवारी तिने पहिला फोन मर्लीनला केला होता. रोमेन त्या वेळी पलीकडच्या खोलीत बसला होता.

"वर्षभर?" बर्चेलने हाडाचा तुकडा ताटात टाकला. "मर्ली, मलाही एकच वर्ष थांब म्हणाले होते. आठवतंय? त्याला पस्तीस वर्षं होऊन गेली."

"तुझी गोष्ट वेगळी. तुझ्यावर खटला झाला होता."

"खटला झाला होता. कशाबद्दल, ते सांग की. भाचा मोठा झालाय, ऐकू दे त्याला."

"बर्चेल," लेनवर्थ म्हणाला, "जेवण चाललंय."

"आत्ता जेवण आठवलं? रोमेन, तुला सांगितलं असेल की तुझा काका गांजेकस, म्हणून तुरुंगात गेला. सांगितलंय ना? मी एकोणीस वर्षांचा होतो. तोंडाला विडी लावली नव्हती तोवर. ही तुझी आजी, तिने मला शेजारच्या गावात पाठवलं पुडी आणायला. का? तर तुझ्या बापाची छाती भरली होती. दम्याने निळा पडला होता तो. डॉक्टरला घेऊन जायला गाडी नव्हती, आणि गांजाच्या पाल्याचा चहा दिला की याला श्वास यायचा. परत येताना पुलावर पोलिसांनी धरलं. सहा महिने. माझ्या अमेरिकेच्या कागदांवर लाल रेघ. आणि हा चहा पिऊन वाचला, मास्तर झाला, डीकन झाला, आणि आता आमचे न्यायाधीश झाले."

नोव्हलेटला एकोणीस वर्षांच्या संसारात हे कुणी सांगितलं नव्हतं. बर्चेल गांजासकट सापडला, एवढंच या घरात सांगितलं जायचं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. लेनवर्थ चष्मा पुसत होता.

"मी आठ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "मी कुणाला आण म्हणालो नव्हतो."

"हे पोरगंही तुला म्हणालं नव्हतं, मला अमेरिकेला ने म्हणून."

"तुझी ही कीव करून घ्यायची पद्धत मला तोंडपाठ आहे, बर्चेल. तुझं आयुष्य पुडीने बिघडलं नाही. सुटून आल्यावर जे ओढायला बसलास, त्याने बिघडलं. मला माझ्या मुलाचं ते होऊ द्यायचं नाही."

"म्हणून त्याला माझ्यापाशीच ठेवून निघालास!"

विषय बदलावा म्हणून मर्लीनने गाजराचा रस सगळ्यांना ओतायला घेतला. ती म्हणाली, तिकडे शिस्त आहे, तिकडे हे प्रकार नाहीत. बर्चेल खो खो हसला. म्हणाला, पापा तिकडे वीस हंगाम तंबाखूची पानं तोडायला गेले, गोऱ्यांच्या फुप्फुसात धूर भरायला. परतले की चर्चमध्ये त्यांना पहिल्या बाकावर बसवायचे. एका पानाला पगार आणि दुसऱ्या पानाला तुरुंग. आता तर कायदाही बदलला, ममाची परसातली पाच झाडं सरकारमान्य झाली, पण माझी लाल रेघ काही कुणी पुसली नाही.

"माझ्या झाडांचं नाव नको," मिस आयोनी म्हणाल्या. "ती झाडं औषधाची. ओढण्याची नव्हेत. या घरात ओढणं मी कधी खपवून घेतलं नाही. बर्चेलसुद्धा कुंपणाबाहेर जाऊन ओढतो."

"ऐकलंस?" लेनवर्थ मुलाकडे वळला. आईचा आधार मिळाल्यावर त्याचा आवाज चढला. "तुझी आजीसुद्धा म्हणते. आता एक शब्द खोटा बोललास तर या टेबलावरून उठवीन. कुणाकडून घेतलास?"

रोमेनने ताट हळूच पुढे सरकवलं.

"कुणाकडून?"

"रस्त्यावरून."

नोव्हलेटला त्याच क्षणी, लाज वाटावी असं, सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे कागद खरा होता. म्हणजे ती चुकली नव्हती.

"किती वेळा ओढलास?"

"तुम्हाला किती हव्यात तेवढ्या वेळा." रोमेनने हात पुढे केला. "आत्या, पेन द्या."

"वाचून तर बघ," मर्लीन म्हणाली.

"नको. तुम्ही छानच लिहिलं असेल."

त्याने सही केली, खुर्ची न वाजवता मागे सारली, आजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि परसदारी निघून गेला. त्याच्या ताटातला भात तसाच होता. आता सगळ्यांनी जेवायला सुरुवात केली. कालवण गार झालं होतं, आणि पोटात मेण व्हायचं ते झालंच.

जेवणानंतर मर्लीन आणि लेनवर्थ ओसरीत फाइल उघडून बसले. बर्चेल टॅक्सीत जाऊन रेडिओ ऐकत बसला. नोव्हलेट स्वयंपाकघरात ताटं घासू लागली. ऊन उतरलं होतं. खिडकीतून आंब्याखाली उलट्या बादलीवर बसलेला रोमेन दिसत होता. लाल मातीत काडीने काहीतरी ओढत होता आणि पायाने पुसत होता.

मिस आयोनींनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि निळ्या एनॅमलच्या मगात काढा गाळला. रानकारल्याच्या पाल्याचा काढा. या घरात ताप आला, पोट बिघडलं, रक्त तापलं, नवरा ओरडला, सगळ्यावर तोच. ईस्टरनंतर म्हातारीने रोज संध्याकाळी रोमेनला मगभर द्यायला सुरुवात केली होती. रक्त धुऊन निघेल म्हणाली. नोव्हलेटला बरंच वाटलं होतं. तिला स्वतःला ते कडूजहर घशाखाली उतरत नसे, पण आजी नातवाकडे बघते आहे, एवढं तिला पुरेसं होतं.

"नेऊन दे त्याला," म्हातारी म्हणाली. "माझे गुडघे आज ऐकत नाहीत. आज तर त्याला हवाच. पोराला कसं सोललंत सगळ्यांनी मिळून."

नोव्हलेटने मग घेतला. दाराच्या पायरीवर तिच्या तोंडावर वाफ आली आणि ती थांबली.

सतरा वर्षांपूर्वी रोमेन पाच महिन्यांचा होता. त्याची छाती घरघरत होती, आणि तिला सलग दोन रात्रपाळ्या करून उभं राहवत नव्हतं. सासूने चमच्यात काहीतरी कोमट आणलं होतं, दोनच चमचे. अर्ध्या तासात लेकरू शांत झालं. तो वास, ओल्या गवताला चटका बसल्यासारखा, तिला तेव्हा आला होता. तिने विचारलं नव्हतं काय आहे. ती झोपली होती, आणि सकाळी सासूच्या गालाचा मुका घेतला होता.

तिने मगातला एक घोट घेतला. आधी कारलं. जीभ आत ओढून घेणारं, डोळ्यांत पाणी आणणारं. आणि ते गेल्यावर, मागे, तो वास चव होऊन आला.

ती परत आत गेली. दार लावून घेतलं.

"मिस आयोनी. यात काय आहे?"

"रानकारलं."

"आणखी?"

"दोन पानं. परसातल्या झाडाची." म्हातारी जराही गडबडली नाही. ओटा पुसत राहिली. "त्याने ओढायचं सोडलं ना, पहिल्या आठवड्यात त्याला झोप लागेना. घाम यायचा, चिडचिड व्हायची. रात्री माझ्या खाटेशी येऊन बसायचा. म्हणाला, आजी, मला पुन्हा ओढावंसं वाटतंय, मला धरून ठेव. मी कशाने धरून ठेवणार? दोन पानं टाकायला लागले. निवांत झोपला. एकदाही पुन्हा ओढला नाही पोराने, हा कागद येईपर्यंत मी बायबलवर हात ठेवून सांगितलं असतं."

"तुम्ही टेबलावर बसला होतात! कागद वाचला तेव्हा बसला होतात!"

"तुम्ही ओढण्याबद्दल बोलत होतात."

"अहो, तपासणीला कसं कळणार ओढलं की प्यायलं?"

"धूर रक्तात जातो," मिस आयोनी सावकाश, लहान मुलीला समजवावं तशा म्हणाल्या. "चहा पोटात जातो आणि खालून निघून जातो. माझ्या आईने आम्हाला दिला, मी तुझ्या नवऱ्याला दिला. कुणाला काय झालं?"

"खालून निघतो तेच तर तपासलं त्यांनी, मिस आयोनी. तेच बाटलीत भरून दिलं मी!"

ओट्यावरचं फडकं थांबलं. म्हातारीने हाताने चाचपून स्टूल शोधलं आणि बसली.

"म्हणजे कागदावर आलं ते माझं?"

"हो."

"त्याचं नाही? माझं?"

"हो."

"दोघंही," मिस आयोनी म्हणाल्या. "बर्चेल पण, आणि आता हा पण." त्यांनी तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला आणि त्यातून आवाज आला, "मला वाटलं, त्याला सोडवत नाही म्हणून ओढतोय चोरून, आणि मला सांगायला लाजतोय. मीसुद्धा नाही मानलं गं त्याचं."

नोव्हलेटला म्हातारीवर ओरडायचं होतं. मनात तयार झालेले शब्द होते, अडाणी, हट्टी, दोन पिढ्या खाल्ल्यात. पण सतरा वर्षांपूर्वीचा तो सकाळचा मुका तिच्या आड आला. ती मग घेऊन बाहेर पडली.

रोमेनने वर पाहिलं नाही. ती त्याच्यासमोर मातीतच बसली, चर्चच्या पोशाखात.

"रोमेन, मला कळलं. काढ्यात होतं. आजीने टाकलं होतं."

"हं."

"हं काय? तू ओढला नव्हतास! तू खरं बोलत होतास!"

"मला माहीत आहे मी खरं बोलत होतो, मम्मी."

तिला हळूहळू उमगलं. "तुला काढ्याचंही माहीत होतं."

"चव कळते. पहिल्या दिवशी नाही कळली, नंतर कळली. मला पण वाटलं होतं, चहाचं काय एवढं. झोप लागत होती, अभ्यास होत होता. शुक्रवारी तू कागद वाचलास तेव्हा लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीस? दोन दिवस! टेबलावर तुझा बाप…"

"बोललो असतो तर डॅडीने आजीची झाडं उपटली असती आणि तिला मरेपर्यंत ऐकवलं असतं. ती त्रेऐंशीची आहे." त्याने काडी मोडली. "आणि मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"कागद बघूनसुद्धा कुणी एक जण म्हणतंय का, की रोमेन नाही म्हणतो ना, मग नसेल. एकच जण हवा होता. बर्चेल काका पण माझ्या बाजूने भांडला, पण त्यालासुद्धा वाटलं मी ओढला. त्याने फक्त माफ केलं. मला माफी नको होती."

ओसरीचं दार वाजलं. लेनवर्थ आणि त्याच्यामागे मर्लीन परसात आले. स्वयंपाकघरातून मिस आयोनींचं रडणं त्यांनी ऐकलं असावं. बर्चेलही टॅक्सीतून उतरून कोपऱ्यावर येऊन उभा राहिला.

"ममाने सांगितलं," लेनवर्थ म्हणाला. मुलासमोर तो क्षणभर उभा राहिला, त्याचा हात उचलला गेला, बहुधा डोक्यावरून फिरवायला. मग तो हात त्याने खिशात घातला. "तू सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं, डॅडी. सहा वेळा."

"आता यात कुणाची चूक, कुणाची नाही, हे काढत बसलो तर बुधवार उजाडेल," मर्लीन म्हणाली. तिचा आवाज नरम होता, पण फाइल काखेतच होती. "ओढला काय, प्यायला काय, लघवीत यायचं ते येणारच. तीन दिवसांत जात नाही. पत्र आहे तेच ठीक आहे. नोव्हलेट, तू नर्स आहेस, तूच सांग. मी चुकीचं बोलतेय?"

मर्लीन चुकीचं बोलत नव्हती. हेच तर सगळ्यात वाईट होतं. पोरगा निर्दोष ठरला होता आणि तरी मागे राहणार होता, आणि हे सगळं शहाणपणाचं होतं. लेनवर्थही मान हलवत होता. "एक वर्ष," तो म्हणाला. "फक्त एक वर्ष, रोमेन. आम्ही तिकडून सगळं मार्गी लावतो."

कोपऱ्यावर बर्चेल पचकन थुंकला.

नोव्हलेटच्या हातात मग होता. काढा आता कोमट झाला होता. तिने वाट पाहण्यात गेलेल्या चौदा वर्षांचा विचार केला. तिकडच्या वृद्धाश्रमात मर्लीनने तिच्यासाठी शब्द टाकून ठेवलेल्या नोकरीचा. दोन सुटकेसींचा, ज्यांत ती महिनाभर घड्या घालून ठेवत होती. आणि तिने मग तोंडाला लावला.

"काय करतेस?" लेनवर्थ म्हणाला. "नोव्हलेट! ठेव तो! वेड लागलं का तुला? बुधवारी तुला…"

ती थांबली नाही. कारल्याने घसा आवळून येत होता, पोटातून उलटून येत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं. नाक दाबायची सोय होती, पण तिने नाक दाबलं नाही. तळाचा पालासुद्धा दातांत आला तो तिने चावून गिळला.

"बुधवारी विचारतील तेव्हा खरं सांगीन," ती म्हणाली. "रविवारी प्यायले म्हणून. ठेवा मलाही मागे. आणखी एक पत्र लिही, मर्लीन, मी सही करते. तुझं अक्षर चांगलं आहे."

"चौदा वर्षं!" लेनवर्थ ओरडला. "चौदा वर्षं, बाई!" त्याचा श्वास चढला, छातीत शिट्टी वाजायला लागली, आणि तो आंब्याच्या खोडाला धरून उभा राहिला. मर्लीन पंप आणायला आत धावली. ज्या घरात दम्याच्या उपायावरून एवढं रामायण झालं, तिथे उपाय लागायची वेळ आलीच.

नोव्हलेटने मुलाकडे पाहिलं. तिला काय हवं होतं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. त्याने जवळ यावं, की नुसतं मम्मी म्हणावं. तोंडात इतकं कडू झालं होतं की तिला बोलवेना.

रोमेन उठला. त्याने तिच्या हातातून रिकामा मग घेतला, नळाखाली धुतला, आतून बोट फिरवून तळाला चिकटलेलं पान काढलं आणि तो पायरीवर उपडा घातला.

"शुक्रवारी विश्वास ठेवला असतास," तो म्हणाला, "तर आज प्यायला लागलं नसतं."

आणि बापाला धरायला तो झाडाकडे गेला.